चिंतन आणि मनन एकच का?

आपण 'चिंतन-मनन' असं जोडूनच बोलतो त्यामुळे दोन्ही एकच वाटतात. फरक आहे का? आणि निदिध्यासन म्हणजे ध्यानच ना?

प्रतिसाद १
फरक आहे आणि चांगलाच आहे. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य ऋषी आपल्या पत्नीला, मैत्रेयीला सांगतात ना, श्रोतव्यो मन्तव्यो निदिध्यासितव्यः, तिथे क्रमच दिलाय. आधी ऐकायचं, मग मनन म्हणजे त्यावर शंका काढायच्या, हे मला पटतं का, का पटतं, समोरचा काय म्हणेल, असं सगळ्या बाजूंनी तपासायचं, आणि शंका फिटल्या की त्यातच मन मुरू द्यायचं ते निदिध्यासन. मननात डोकं जोरात चालू असतं, निदिध्यासनात प्रश्नच उरलेला नसतो.

पण चिंतन या तिघांत नाहीच बघा! ते आपल्याकडे रुळलं संतांमुळे. तुकोबा म्हणतात 'चिंतनासी न लगे वेळ । सर्व काळ करावें' आणि लगेच पुढे 'सदा वाचे नारायण'. म्हणजे इथे चिंतन हा विचार नाहीये, स्मरण आहे, मनात धरून ठेवणं. वाढदिवसाला अभीष्टचिंतन करतो तेव्हा तरी आपण कुठे विचार करत बसतो, भलं मनात धरतो.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत, फक्त एक भर. सप्ताहात कीर्तनकार 'आज चिंतनासाठी घेतलेला अभंग' म्हणतात, आणि मग दोन तास तो एकच चार चरणांचा अभंग चालतो. एक चरण म्हणायचा, टाळकरी तो उचलतात, मग त्यातल्या एका शब्दावर बोलणं, दुसऱ्या संतांची प्रमाणं, दृष्टांत, आणि परत तोच चरण. इथे मननही होतं आणि स्मरणही, सुटं करता येत नाही. मला तर चिंतन शिकायची ही सगळ्यात सोपी जागा वाटते, घरी करायचं तर सकाळी एकच ओवी घ्या, अर्थ नीट बघा आणि दिवसभर कामं करताना तीच म्हणत राहा, पानंच्या पानं वाचायची गरज नाही.

प्रश्नकर्ता
मस्त, खूप धन्यवाद. मग निवडणूक हरल्यावर पक्ष 'आत्मचिंतन करू' म्हणतात ते?

प्रतिसाद १
तिथे आत्मपरीक्षण हाच शब्द हवा. काय चुकलं ते शोधायचं असतं, मनात धरून बसायचं नसतं.