अक्कल गहाण ठेवली म्हणता?

कुणीतरी लिहिलंय, ‘ख्रिस्तावर भार टाकणं म्हणजे अक्कल गहाण ठेवणं.’ मग पंडिता रमाबाईंचं काय? १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’, ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं होतं. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा झाला. पण नंतर बाईंनी स्वतःच कबूल केलं, की तेव्हा धर्म मिळाला. ख्रिस्त भेटायला आणखी आठ वर्षं गेली. मला ही कबुली फार मोलाची वाटते. (दर रविवारी चर्चमध्ये जाऊन बसलं की झालं, असं मानणाऱ्या आम्हा जन्माच्या ख्रिस्ती मंडळींना ती टोचतेही.) आणि अक्कल? तीच वापरून पुण्याजवळच्या केडगावात बसून हिब्रू-ग्रीकमधून त्यांनी अख्खं बायबल मराठीत आणलं.