सल्ला हवा: शिकवणीच्या कॉकपिटमध्ये फ्लॅपची स्थिती कशी दाखवावी?

करवीर_लेथ
कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका डिप्लोमा कॉलेजसाठी कॉकपिटचा नमुना करतोय. उडायचा नाही, पण पंखाचा तुकडा आणि फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेचा खाली झुकणारा भाग) खरोखर हलणारे आहेत. फ्लॅप ० ते ३० अंश, १२ व्होल्टच्या लिनिअर अ‍ॅक्चुएटरवर (मोटरने दांडा सरळ आत-बाहेर करणारं यंत्र). पायलटपुढे काय लावू: काटा, दिवे, की नुसती खाचांची तरफ? पोरं उद्या खऱ्या विमानात बसणार आहेत, त्यांना चुकीची सवय लागायला नको.

लिमिटस्विच
तिन्ही प्रकार खऱ्या विमानांत आहेत, पण तिन्हींचा अर्थ वेगळा.

पायपर पीए-२८ मध्ये दोन सीटच्या मध्ये हाताची तरफ असते, खाचा १०, २५ आणि ४० अंशांच्या. तरफ थेट फ्लॅपला जोडलेली, म्हणून तरफ हाच दर्शक. छोट्या विमानांसाठीच्या अमेरिकन नियमावलीत, म्हणजे भाग २३ मध्ये, २०१७ पूर्वी असलेला २३.६९९ नियमही हेच धरून होता: यांत्रिक जोडणीमुळे हाताला स्थिती कळत असेल तर वेगळा दर्शक सक्तीचा नाही.

सेस्ना १७२ मध्ये फ्लॅप विजेवर चालतात. लिव्हरच्या पट्टीत १० आणि २० अंशांवर अडथळे आहेत. पुढे जायचं तर लिव्हर उजवीकडे सरकवून अडथळा चुकवावा लागतो. डाव्या बाजूच्या अंशपट्टीवर काटा फिरतो. लिव्हर म्हणजे तुम्ही काय मागितलंत, आणि काटा म्हणजे फ्लॅप कुठवर आलेत. काट्याला हालचाल मिळते ती फ्लॅपच्या यंत्रणेकडून परत येणाऱ्या, क्लच केबलसारख्या आवरणातल्या तारेतून.

डायमंड डीए४० मध्ये तीन दिवे: अप, टेकऑफ, लँडिंग. दोन एकदम पेटले तर फ्लॅप त्या दोन स्थितींच्या मधे आहे.

तुमचा फ्लॅप मोटरवर आहे, म्हणून नुसती तरफ बाद. काटाच लावा. मोटर अर्ध्यात थांबली तर काटा १४ वर अडकलेला दिसतो आणि लिव्हर २० वर. पोरांनी बघायला शिकायचं ते हेच अंतर.

गोकुळशिरगावकर
काट्याशी सहमत. पण सेन्सर अ‍ॅक्चुएटरवर बसवू नका भावा. अ‍ॅक्चुएटरच्या टोकाची पिन निसटली तर दांडा बाहेर येत राहील, काटा ३० दाखवेल आणि फ्लॅप तसाच लोंबकळत असेल. माप फ्लॅपवरूनच घ्या.

५ किलोओहमचा सरळ सरकणारा पोटेन्शिओमीटर (दांडा सरकला की व्होल्टेज बदलणारा सेन्सर) घ्या, सरक ३० मिमी. त्यातली २५ मिमीच वापरायची. फ्लॅपच्या बिजागरीच्या केंद्रापासून ४८ मिमीवर पिन मारा, ३० अंशांत ती जवळजवळ २५ मिमी सरकते. फ्लॅप १५ अंशांवर असताना आर्म (बिजागरी ते पिन) आणि सेन्सरचा दांडा काटकोनात हवेत, म्हणजे दोन्ही टोकांचा वाकडेपणा सारखा वाटला जातो.

दोन्ही टोकांना अडीच मिमी मोकळी राहिल्याने ५ व्होल्टवर साधारण ०.४ ते ४.६ व्होल्ट मिळतील. हे मुद्दाम ठेवायचं. पोटेन्शिओमीटरच्या मधल्या तारेपासून ग्राउंडला १०० किलोओहमचा रोध लावा. ती तार तुटली की व्होल्टेज शून्यावर येतं. ०.२ च्या खाली किंवा ४.८ च्या वर गेलं तर काट्याऐवजी लाल दिवा लागू दे. नाहीतर तुटलेली तार 'फ्लॅप वर आहेत' असं सांगेल, आणि ते फार वाईट खोटं आहे.

करवीर_लेथ
सेन्सर बसवला. दोन गोष्टी खटकतात. मोटर चालू असताना काटा ३ अंश उडी मारतो, थांबली की परत येतो. आणि १० अंश खाली जाताना वेगळे, वर येताना वेगळे दिसतात.

गोकुळशिरगावकर
उडी ग्राउंडची आहे. मोटर आणि सेन्सर एकाच तारेवर परत येतात ना? मोटरने ४ अँपिअर ओढले आणि त्या तारेत आणि टोकाच्या लगमध्ये (जोडणीत) मिळून ०.१ ओहम असेल तर ०.४ व्होल्ट तिथेच पडतात, म्हणजे तुमचे ३ अंश. सेन्सरचं ग्राउंड थेट मीटरच्या सर्किटपर्यंत वेगळं न्या.

दुसरा दोष प्लेचा, म्हणजे सांध्यातल्या ढिलाईचा. ४८ मिमीच्या आर्मवर १ मिमी प्ले म्हणजे सव्वा अंश. पिनचं भोक रीमरने साफ करा, रॉड-एंड (दांड्याच्या टोकाचा गोल बेअरिंगचा सांधा) वापरा, त्याचा चेक नट घट्ट करा. उरलेल्या प्लेसाठी हलकी स्प्रिंग लावून दांडा कायम एकाच बाजूला ओढलेला ठेवा.

लिमिटस्विच
पट्टी छापण्याआधी डिजिटल अँगल गेज फ्लॅपच्या पाठीवर ठेवा, फ्लॅप पूर्ण वर असताना शून्य करा आणि ०, १०, २०, ३० ला काटा जिथे थांबेल तिथेच खूण करा. प्रत्येक खूण खाली जातानाच घ्या. समान अंतर मोजून पट्टी आखू नका.

अजून एक. फ्लॅप दोन असतील तर एक सेन्सर एकाच बाजूचं सांगतो. दुसऱ्या बाजूची केबल तुटली तर काटा बरोबर आणि पंख वाकडे. म्हणून दोन्ही फ्लॅपच्या आतल्या कडेवर १०, २० आणि ३० च्या रंगपट्ट्या मारा. पट्टी पंखाच्या मागच्या कडेशी जुळली की तो कोन. सीटवरून मान वळवून दिसतात का ते बसून बघा, मगच रंग सुकू द्या.

करवीर_लेथ
ग्राउंड वेगळं केलं, उडी गेली. रॉड-एंड शिरोलीतून आणतो. रंगपट्ट्या दोन्ही बाजूंना.