व्हिटॅमिन सी सीरम : टक्के बघायचे की बाटली? (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

ए-३०२ : एक विचारायचं होतं. व्हिटॅमिन सीचं सीरम उघडून तीनेक महिने झाले. आणलं तेव्हा पाण्यासारखं होतं, आता तपकिरी झालंय. अर्धी बाटली शिल्लक आहे. वापरू की टाकू?

बी-१०४ : माझंही पिवळट आहे, पण ते पहिल्यापासूनच तसं होतं. आता मलाही शंका यायला लागली.

ए-२०१ काकू : एवढी अर्धी बाटली टाकायची म्हणजे जिवावर येतं गं. तोंडाला नको तर हातापायाला लाव.

सी-५०३ : काकू, हातापायालाही नको. शुद्ध व्हिटॅमिन सी म्हणजे एस्कॉर्बिक ॲसिड. हवा, उजेड आणि उष्णता लागली की त्याचं ऑक्सिडेशन होतं आणि त्यातून जे पदार्थ बनतात त्यांचा तो रंग असतो. तपकिरी झालं म्हणजे त्यातलं कामाचं व्हिटॅमिन सी बहुतेक संपलं. लावून फायदा नाही, उलट त्वचा चुरचुरते आणि नखांवर, उशीच्या अभ्र्यावर नारिंगी डाग राहतात. टाकून द्या.
बी-१०४, तुम्ही घाबरू नका. फेरुलिक ॲसिड (व्हिटॅमिन सी टिकावं म्हणून घालतात ते द्रव्य) घातलेली काही सीरम्स मुळातच फिकट पिवळी असतात. रंग कोणता आहे यापेक्षा आणल्या दिवसापासून किती गडद झाला ते बघा.

ए-३०२ : पण मी झाकण नीट लावत होते हो.

सी-५०३ : तुमचं काहीच चुकलं नाही. ड्रॉपरची बाटली असेल ना? दर वेळी ड्रॉपर बाहेर काढला की आत ताजी हवा जाते. झाकण उघडून आट्यांपाशी बघा, चिकट तपकिरी कड धरलेली दिसेल. तिथे थेंब अडकतात आणि सगळ्यात आधी तिथलं खराब होतं. पुढच्या वेळी हवाबंद पंपाची, उजेड आत न जाणारी बाटली घ्या, आणि लहान घ्या. पाण्यातलं शुद्ध व्हिटॅमिन सी उघडल्यावर तीनेक महिन्यांत संपेल एवढंच असावं. बाथरूमच्या कपाटात ठेवू नका, तिथे वाफ आणि उष्णता दोन्ही असतात.

बी-४०१ : मी घ्यायचं म्हणतेय, पण टक्क्यांत अडकले आहे. १०, १५, २०, एका बाटलीवर तर ३० लिहिलंय. जास्त तेवढं चांगलं ना?

सी-५०३ : नाही. आणि हे मी जरा सविस्तर लिहिते, कारण लोक पैसे घालवतात ते नेमके इथे.
अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे त्वचातज्ज्ञ शेल्डन पिनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली याच प्रश्नावरचं संशोधन प्रसिद्ध केलं. डुकराच्या त्वचेवर वेगवेगळ्या प्रमाणात व्हिटॅमिन सी लावून आत किती शिरतं ते मोजलं. दोन गोष्टी दिसल्या. एक, द्रावणाचा पीएच (आम्लपणाचा आकडा, जेवढा कमी तेवढं जास्त आम्लधर्मी) ३.५ च्या खाली असेल तरच ते नीट आत जातं. दुसरी, २० टक्क्यांपर्यंत शोषण वाढत गेलं, त्यापुढे प्रमाण वाढवून काही हाती लागलं नाही. म्हणजे ३० टक्क्यांत जास्तीची मिळते ती जळजळ. त्वचेत साठा एकदा पूर्ण झाला की तो निम्मा व्हायला साधारण ४ दिवस लागतात, असंही त्यांना आढळलं. त्यामुळे एखाद्या दिवशी राहिलं तर जिवाला लावून घेऊ नका.
नव्याने सुरू करणाऱ्याने १० टक्के घ्यावं, एक दिवसाआड लावावं. झेपलं तर १५. त्याच संशोधकांच्या २००५ च्या कामात १५ टक्के व्हिटॅमिन सी आणि १ टक्का व्हिटॅमिन ई यांच्या जोडीने उन्हापासूनचं संरक्षण साधारण चौपट झालं होतं, त्यात अर्धा टक्का फेरुलिक ॲसिड मिसळल्यावर ते आठपटीपर्यंत गेलं आणि मिश्रण टिकाऊही झालं. म्हणून मी ३० टक्क्यांच्या बाटलीपेक्षा ही तीन नावं एकत्र असलेली १५ टक्क्यांची बाटली केव्हाही आधी उचलेन.

बी-४०१ : हे कोणी सांगतच नाही! मी ३० वालं कार्टमध्ये टाकलं होतं. काढते.

डी-२०२ : ताई, आम्हा पुरुषांनी लावलं तर चालतं का? दाढीनंतर लावलं तर फार झोंबतं.

सी-५०३ : चालतं की, दादा. पण दाढी केल्यावर त्वचेवर बारीक ओरखडे असतात आणि हे आम्लधर्मी. दाढीच्या दिवशी सकाळी नुसतं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन लावा, सीरम रात्री.

ए-३०२ : मला तर दाढीविनाच आग होते 🙈 लावल्यावर पाच-दहा मिनिटं गाल लाल.

सी-५०३ : क्षणभर चुरचुरून थांबलं तर ठीक. लाली टिकत असेल, आग होत असेल तर धुऊन टाका, सहन करत बसू नका. तुमच्यासाठी व्हिटॅमिन सीचे सौम्य प्रकार आहेत, ते इतके आम्लधर्मी ठेवावे लागत नाहीत आणि लवकर खराबही होत नाहीत. लेबलवर घटकांच्या यादीत नुसतं एस्कॉर्बिक ॲसिड दिसलं तर ते शुद्ध रूप. सोडियम एस्कॉर्बिल फॉस्फेट, मॅग्नेशियम एस्कॉर्बिल फॉस्फेट, एस्कॉर्बिल ग्लुकोसाइड, थ्री-ओ-इथाइल एस्कॉर्बिक ॲसिड यांपैकी काही दिसलं तर सौम्य प्रकार. कोरड्या त्वचेला टेट्राहेक्सिलडेसिल एस्कॉर्बेट मानवतं, ते तेलात विरघळतं.
मात्र एक सांगायलाच हवं. या प्रकारांचं रूपांतर त्वचेत गेल्यावर एस्कॉर्बिक ॲसिडमध्ये व्हावं लागतं आणि त्यांच्यामागे पुरावा कमी आहे. पिनेल यांच्या त्याच प्रयोगात मॅग्नेशियमवाल्याने त्वचेतलं प्रमाण वाढलं नव्हतं. तरी चेहरा लाल करून घेण्यापेक्षा सौम्य प्रकार नियमित लावलेला बरा, असं माझं मत आहे.

ए-६०१ : मावशी, मला पिंपल्स आहेत. मी बेन्झॉइल पेरॉक्साइड लावते, रात्री रेटिनॉल (व्हिटॅमिन एचा प्रकार) आणि नायसिनामाइड (व्हिटॅमिन बी३) पण. यात व्हिटॅमिन सी कुठे बसवू?

सी-५०३ : बेटा, एकदम इतकं काही लावू नकोस. बेन्झॉइल पेरॉक्साइड ऑक्सिडेशन घडवतं, म्हणजे व्हिटॅमिन सीचा नाश करतं. ती दोन्ही एका वेळी नकोत. व्हिटॅमिन सी सकाळी, पेरॉक्साइड रात्री, आणि रेटिनॉल त्याच रात्री नको, वेगळ्या रात्री. नायसिनामाइडबरोबर चालत नाही असं जे फिरतं ते जुन्या, अस्थिर रसायनांवरच्या प्रयोगांतून आलेलं आहे. आजच्या उत्पादनांत दोन्ही एकत्रही असतात. मुरुमांच्या त्वचेसाठी सोडियम एस्कॉर्बिल फॉस्फेटवालं बघ. आणि नवीन वस्तू एका वेळी एकच सुरू कर, नाहीतर पुरळ आलं तर कशाने आलं ते कळायचं नाही.

बी-१०४ : एका व्हिडिओत व्हिटॅमिन सीची गोळी कुटून पाण्यात घालून सीरम करून दाखवलं होतं. आणि लिंबू तर घरात असतंच. हे चालेल का?

सी-५०३ : कृपया दोन्ही करू नका 🙏 गोळीत व्हिटॅमिनबरोबर साखर, रंग, गोळी बांधणारे पदार्थ असतात. पीएच किती झाला ते कळत नाही आणि साध्या पाण्यातलं व्हिटॅमिन सी झपाट्याने खराब होतं. लिंबाचं तर त्याहून वाईट. रसाचा पीएच २ च्या आसपास, आणि १०० मिलीत व्हिटॅमिन सी जेमतेम ५० मिलिग्रॅमच्या घरात, म्हणजे ०.०५ टक्के. त्वचेला मिळतं ते सायट्रिक ॲसिड. शिवाय लिंबूवर्गीय फळांत फ्युरोकुमरिन नावाची द्रव्यं असतात. ती अंगावर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात आणि मागे काळे डाग राहतात. डाग घालवायला गेलेल्या माणसाला डाग पडतात, याचं मला फार वाईट वाटतं.

डी-२०२ : मग गोळी पोटातून घेतली तर?

सी-५०३ : पोटातून घेतलेलं शरीराला हवंच, कोलॅजन (त्वचेला घट्टपणा देणारं प्रथिन) बनायला ते लागतं आणि माणसाच्या शरीराला ते स्वतः तयार करता येत नाही. पण रक्तातलं प्रमाण एका मर्यादेपलीकडे वाढत नाही, जास्तीचं लघवीवाटे जातं. चेहऱ्यावरच्या डागांसाठी गोळ्यांचा मारा करू नका. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नको.

ए-२०१ काकू : माझ्या गालांवर वांग आहे, किती वर्षं झाली. याने जाईल का गं?

सी-५०३ : काकू, नुसत्या याने जाणार नाही. व्हिटॅमिन सी रंगद्रव्य बनवणाऱ्या टायरोसिनेज नावाच्या एन्झाइमला आवर घालतं, त्यामुळे मुरुमांचे ताजे डाग, उन्हाने आलेला निस्तेजपणा यांत फरक पडतो, तोही दोन-तीन महिन्यांनी. वांग चिवट असतं, त्याला त्वचातज्ज्ञच हवेत. आज सुरू करण्यासारखी गोष्ट म्हणजे सनस्क्रीन, तेही रंग असलेलं. वांग नुसत्या अतिनील किरणांनी नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही वाढतं, आणि त्या रंगातलं आयर्न ऑक्साइड तो उजेड अडवतं.
सगळ्यांनाच सांगते, सीरम म्हणजे सनस्क्रीन नव्हे. तोंड धुऊन कोरडं करा, तीन-चार थेंब सीरम, मग मॉइश्चरायझर, शेवटी एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन, दोन बोटांवर लांब रेघ येईल एवढं. डोळ्यांच्या कडा आणि नाकपुड्यांचे कोपरे सोडा. सनस्क्रीन घेणं होणार नसेल तर सीरमचे पैसे तिकडे वळवा, असं मी बिनदिक्कत सांगेन.

बी-४०१ : आणि मानेवरचा काळेपणा? माझ्या मुलीची मान घासून घासून लाल होते, पण रंग जात नाही.

सी-५०३ : घासणं आधी थांबवा. हात फिरवल्यावर तिथली त्वचा जाड, मखमलीसारखी लागते का? काखेतही तसंच आहे का? असेल तर तो मळ नाही. बऱ्याचदा इन्सुलिन नीट काम करत नसल्याचं ते लक्षण असतं. सीरमचा तिथे उपयोग नाही, डॉक्टरांना दाखवून रक्तातली साखर तपासा. तिला घाबरवू नका आणि रागावूही नका, तिच्या स्वच्छतेचा त्यात काही दोष नाही.

बी-४०१ : लागते तशीच. काखेतही आहे. 😟 उद्याच दाखवते. बरं झालं विचारलं.

ए-३०२ : मी सौम्य प्रकारातलं घेते. आणलं की लगेच चेहऱ्याला लावू ना?

सी-५०३ : नको. कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं, रोज त्याच जागी, तीन-चार दिवस. खाज, लाली नसेल तर मग जबड्याच्या कडेला, आणि त्यानंतर चेहरा. उघडल्याची तारीख बाटलीच्या तळाला मार्करने लिहून ठेवा.

ए-२०१ काकू : शेवटचं विचारते. सुनेला पाचवा महिना आहे. ती व्हिटॅमिन सी लावते, आणि रात्री ते रेटिनॉलही लावते वाटतं.

सी-५०३ : काकू, वरून लावायचं व्हिटॅमिन सी गरोदरपणात सहसा सुरक्षित मानतात. रेटिनॉल मात्र आजपासून बंद. ती लावते त्या सगळ्या बाटल्यांचे फोटो घेऊन पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दाखवायला सांगा. तिला मला फोन करायचा असेल तर खुशाल करू दे.

ए-२०१ काकू : आत्ताच तिच्या खोलीत जाऊन सांगते.