उन्हाळी फ्रेंच निवासी वर्ग : मुलीला सोलापूरहून पाठवावे का, आणि कुठे?

प्रश्न : पालक, जुळे सोलापूर

माझी मुलगी येथील महाविद्यालयात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. अकरावीला तिने फ्रेंच घेतली ती केवळ गुण चांगले पडतात म्हणून. पुढे मात्र तिला त्या भाषेची खरोखरच गोडी लागली आणि पुण्याच्या आलियान्स फ्रान्सेजचे ऑनलाइन वर्ग करून ती डेल्फ या फ्रेंचच्या प्रमाणपत्र परीक्षेची ए२ ही दुसरी पातळी उत्तीर्ण झाली. तिचे वाचन चांगले आहे, व्याकरणही पक्के आहे. परंतु परीक्षेतील तोंडी भाग सोडला तर ती आजवर कोणाशी फ्रेंचमध्ये बोललेली नाही. सोलापुरात बोलणार तरी कोणाशी? जेथे वर्ग, राहणे आणि जेवणखाण सर्व फ्रेंचमधूनच चालते अशा चार आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला येत्या सुट्टीत जाण्याचा तिचा हट्ट आहे.

आमच्यासमोर पुदुच्चेरी आणि फ्रान्समधील व्हिशी असे दोन पर्याय आहेत. तिच्या वडिलांचे म्हणणे असे की, तेवढ्या पैशांत पुण्यात खोली घेऊन राहिली तरी पुढच्या दोन पातळ्या सहज होतील. चार आठवड्यांनी खरोखर काही फरक पडतो का, पुदुच्चेरी पुरेसे आहे का, आणि घराबाहेर कधी न राहिलेल्या, अंडेही न खाणाऱ्या मुलीचे तेथे कसे निभेल, यांविषयी अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : फ्रेंच शिक्षिका, पुणे (मूळ सोलापूर)

ताई, हिशेबापुरते मुलीच्या वडिलांचे बरोबर आहे. ए२ पर्यंत पोहोचायला साधारण दोनशे आणि त्यापुढच्या बी१ पातळीपर्यंत एकूण चारशे तास शिकावे लागते, असे आम्ही शिक्षक धरून चालतो. आठवड्याला वीस तास धरले तर चार आठवड्यांचे ऐंशी तास होतात, म्हणजे निम्मे अंतरही कापून होत नाही. प्रमाणपत्रच हवे असेल तर पुणे स्वस्त आणि पुरेसे आहे. अशा अभ्यासक्रमाला पैसे मोजायचे ते वर्गाबाहेरच्या तासांसाठी. चार आठवड्यांत पातळी बदलत नाही, जीभ मात्र सुटते, आणि आपल्या मुलीला नेमकी तीच अडचण आहे.

पण केवळ फ्रेंच कानांवर पडत राहिल्याने जीभ सुटेल असे समजू नये. कॅनडात मॉन्ट्रियलजवळच्या सेंट-लँबर्ट येथे १९६५ साली इंग्रजीभाषक पालकांच्या आग्रहामुळे बालवर्गापासून फ्रेंचमधून शिकवण्याचा प्रयोग सुरू झाला आणि तो पुढे देशभर पसरला. अशा शाळांतील मुलांचा अभ्यास झाला तेव्हा ऐकण्या-वाचण्यात ती फ्रेंचभाषक मुलांच्या जवळपास पोहोचलेली आढळली, बोलण्या-लिहिण्यात मात्र वर्षानुवर्षे शिकूनही मागे राहिलेली दिसली. त्यावरून मेरिल स्वेन या अभ्यासिकेने १९८५ मध्ये असे मांडले की ऐकून समजणे पुरेसे नाही. शिकणाऱ्याला स्वतः वाक्य घडवणे भाग पडले पाहिजे, कारण तेव्हाच आपल्याला काय येत नाही हे त्याला कळते. आपल्या सोलापूरच्या तेलुगूभाषक वस्तीच्या पूर्व भागात वाढलेली मराठी मुले तेलुगू बोलू लागतात तीही गल्लीत खेळताना, भांडताना आणि दुकानात उधारी मागताना. खिडकीत बसून ऐकणाऱ्याला ती येत नाही.

म्हणून संस्थेचे माहितीपत्रक पाहताना वर्गखोल्यांच्या छायाचित्रांवर जाऊ नका; वर्ग सुटल्यावर विद्यार्थ्याला कोणाशी बोलावे लागते, एवढेच विचारा. अमेरिकेतील मिडलबरीच्या उन्हाळी भाषाशाळांत तर शिकत असलेल्या भाषेखेरीज दुसरी भाषा बोलणार नाही, अशी लेखी प्रतिज्ञाच घेतात. सगळीकडे इतकी कडक शिस्त नसते.

पुदुच्चेरीविषयी स्पष्टच लिहिते. १९५४ पर्यंत तेथे फ्रेंच सत्ता होती, १८२६ पासूनची फ्रेंच शाळा आजही चालू आहे, रस्त्यांच्या पाट्यांवर फ्रेंच आहे आणि पोलिसांच्या डोक्यावर लाल टोपी आहे. तथापि बाजारात, बसमध्ये आणि घरमालकिणीशी बोलायची ती तमिळ. तेथे शिकवणे उत्तम मिळेल, पण वर्गाबाहेर फ्रेंचचा सहवास घडेलच असे नाही. शिवाय मे महिन्यात सोलापूरच्या कोरड्या उन्हातून तेथील घामट उन्हात जाणे, हे काही उन्हापासून सुटका म्हणता येणार नाही.

उत्तर २ : माजी विद्यार्थी, होटगी रोड

मी व्हिशीला असाच अभ्यासक्रम केला आहे. अलिये नदीकाठचे हे औषधी झऱ्यांचे लहानसे गाव असून परदेशी विद्यार्थ्यांना फ्रेंच शिकवणारी काव्हिलाम ही संस्था तेथे १९६४ पासून आहे. गाव लहान असणे हा माझ्या मते मोठा गुण आहे, कारण पॅरिसमध्ये आपण अडखळलो की दुकानदार इंग्रजीवर येतो; तेथे तो वाट पाहतो.

निवासासाठी वसतिगृह न घेता यजमान कुटुंबच मागावे. वर्गात अनेक देशांची मुले असतात आणि मधल्या सुट्टीत ती हमखास इंग्रजीकडे वळतात. वसतिगृहात हाच प्रकार रात्रीपर्यंत चालतो. माझ्या यजमान आजी रात्री आठच्या सुमारास जेवायला बसत आणि तासभर उठत नसत. आज काय केले, हा त्यांचा रोजचा प्रश्न. सुरुवातीला माझे उत्तर ‘वर्गात गेलो, परत आलो’ एवढेच असे. मग त्या पुढचे विचारीत, आणि मी भूतकाळाच्या दोन रूपांपैकी कोणते लावावे या विवंचनेत असताना मदत न करता माझ्या तोंडाकडे पाहत राहत. वाक्य पुरे झाल्याशिवाय चीजची ताटली माझ्याकडे सरकत नसे. वर्गातल्या कोणत्याही तासापेक्षा मी त्या टेबलावर अधिक शिकलो.

जेवणाविषयी सांगायचे तर अर्जात नुसते ‘शाकाहारी’ लिहू नये, कारण तरीही ताटात मासे येऊ शकतात. मांस, मासे आणि अंडी यांतले प्रत्येक चालत नाही असे सुटे सुटे लिहावे. पाव, चीज, भाज्या आणि त्याच प्रांतातील ल प्यूई भागात पिकणारी हिरवी मसूर यांवर निभाव लागतो. शेंगाचटणी आणि कडक भाकरी खुशाल न्या. मात्र युरोपीय संघाबाहेरून दुग्धजन्य पदार्थ सोबत आणण्यास बंदी असल्याने तूप आणि पेढे घरीच ठेवा. घरची आठवण पहिल्या आठवड्यात फार येते. त्या काळात तुम्ही रोज तासभर व्हिडिओ कॉल केला तर ती मराठीतच राहील, एवढे मात्र लक्षात असू द्या.

उत्तर ३ : एक पालक, विजापूर रोड

एक व्यावहारिक मुद्दा राहिला आहे. फ्रान्समधील विद्यापीठांचे उन्हाळी वर्ग मुख्यतः जुलै-ऑगस्टमध्ये असतात आणि तेव्हा आपल्याकडे महाविद्यालये सुरू झालेली असतात. म्हणून मे-जूनमध्येही प्रवेश देणारी संस्था शोधावी. नव्वद दिवसांपर्यंतच्या मुक्कामासाठी शेंगेन, म्हणजे फ्रान्ससह युरोपातील अनेक देशांना चालणारा, अल्पकालीन व्हिसा लागतो. त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, किमान तीस हजार युरोंचा प्रवासविमा आवश्यक असतो, आणि सोलापुरात केंद्र नसल्याने बोटांचे ठसे देण्यासाठी मुलीला स्वतः पुण्या-मुंबईला जावे लागते. प्रवेशपत्रावर आठवड्याचे तास, भरलेली फी आणि निवासाचा पत्ता स्पष्ट असावा. व्हिसा नाकारला गेल्यास फी परत मिळते का, हे पैसे पाठवण्यापूर्वी लेखी विचारावे.

प्रश्नकर्त्या पालक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. या वर्षी घाई न करता तिचे बी१ चे निम्मे वर्ग होऊ द्यावेत आणि पुढच्या मे महिन्यात व्हिशीला पाठवावे, असा आमचा विचार होत आहे. यजमान कुटुंबासाठी सोलापुरी चादर द्यावी का?

माजी विद्यार्थी, होटगी रोड

चादर वजनाला भारी पडते. विमानाच्या सामानाची मर्यादा पाहता येथलेच टॉवेल-नॅपकिन बरे. पण चादरच न्यायची असेल तर तिच्यावरची नक्षी ज्या जॅकार्ड यंत्रणेवर विणली जाते ती लियाँच्या जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ च्या सुमारास सिद्ध केली, हे मुलीला फ्रेंचमध्ये सांगता येईल अशी तयारी करून घ्या. लियाँ व्हिशीहून रेल्वेने सुट्टीच्या दिवशी जाऊन येण्यासारखे आहे, आणि एका आठवड्याच्या जेवणाला तेवढा विषय पुरेल.