सर्वांत छोट्या प्रोग्रामच्या स्पर्धेचे नियम कसे असावेत?

प्रश्न

आमच्या अभ्यासगटात सर्वांत कमी लांबीचा प्रोग्राम लिहिण्याची स्पर्धा, म्हणजेच कोड गोल्फ, घ्यायचे ठरले असून नियमांचा मसुदा करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. दिलेली संख्या मूळ आहे की नाही हे सांगणे, हे पहिले कोडे आहे. लांबी अक्षरांत मोजावी, भाषा कोणतीही चालेल आणि १ ते १०० या संख्यांची उत्तरे बरोबर आली की प्रोग्राम ग्राह्य धरावा, असे मी लिहिले आहे. आधी ओळी मोजण्याचा विचार होता, परंतु अख्खा प्रोग्राम एकाच ओळीत कोंबता येतो हे लक्षात आल्यावर तो सोडून दिला. निकालानंतर वाद होऊ नयेत यासाठी मसुद्यातील त्रुटी कृपया दाखवाव्यात.

उत्तर १

लांबी बाइटमध्येच मोजावी. अक्षर कशाला म्हणायचे, इथूनच वाद सुरू होतो: ‘क्षि’ हे डोळ्यांना एक अक्षर दिसते, पण युनिकोडच्या, म्हणजे सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकाच्या, हिशेबाने ती ४ चिन्हे आहेत आणि युटीएफ-८ या ती चिन्हे बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीत ती १२ बाइट व्यापतात. शिवाय अक्षरे मोजल्यास एक पळवाट हमखास वापरली जाते. पायथन या भाषेत शेजारच्या दोन साध्या अक्षरांचे बाइट जोडून त्यांचे युटीएफ-१६ या दुसऱ्या साठवण-पद्धतीतील एकच चिन्ह करता येते, आणि तो मजकूर उलगडून चालवणारा छोटासा तुकडा भोवती लिहिला की २०० अक्षरांचा प्रोग्राम १०० चिन्हे अधिक तो तुकडा एवढ्यात बसतो. मग प्रत्येक लांब प्रोग्राम याच वेष्टनात येईल आणि तर्क कोणाचा सरस हे कळणारच नाही.

उत्तर २

मला चाचणीचा नियम अधिक धोक्याचा वाटतो. दिलेल्या संख्येला ‘न’ म्हणू; २ चा ‘न’-वा घात घेऊन त्याला ‘न’ ने भागावे आणि बाकी २ उरते का ते पाहावे. पायथनमध्ये ही अट अवघ्या ९ बाइटमध्ये लिहिता येते. १ ते १०० मध्ये ती फक्त २ या संख्येला चुकते, आणि तेवढी डागडुजी केली की तुमच्या नियमानुसार ती विजयी ठरेल. प्रत्यक्षात ३४१ म्हणजे ११ गुणिले ३१, तरीही ती संख्या या अटीतून सुटते आणि मूळ ठरते. म्हणून ‘चाचण्या उत्तीर्ण होणे’ ही ग्राह्यतेची कसोटी न ठेवता ‘ठरलेल्या मर्यादेतील प्रत्येक संख्येसाठी उत्तर बरोबर असणे’ ही ठेवावी, मर्यादा स्पष्ट लिहावी आणि ३४१, ५६१ यांसारख्या संख्या परीक्षकांनी स्वतः तपासाव्यात. १ आणि ० यांचे काय करायचे, हेही आधीच सांगावे.

उत्तर ३

भाषेबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. गोल्फस्क्रिप्टसारख्या भाषा याच खेळासाठी घडवलेल्या असल्याने त्यांची सी किंवा जावाशी तुलना करणे अन्यायाचे आहे, पण म्हणून त्यांच्यावर बंदी घालू नये. प्रत्येक भाषेची स्वतंत्र क्रमवारी लावावी. मात्र स्पर्धा जाहीर होण्यापूर्वी उपलब्ध असलेलीच आवृत्ती चालेल, ही अट हवीच, नाहीतर कोणी एका बाइटमध्ये हेच कोडे सोडवणारी भाषा रातोरात तयार करील. पर्लमध्ये आज्ञेसोबत दिलेला एक पर्याय संपूर्ण प्रोग्रामभोवती लूप घालतो, म्हणजे तो पुन्हा पुन्हा चालवतो, तेव्हा अशा पर्यायांचे बाइटही मोजावेत. रिकाम्या फाइलचाही विचार करून ठेवावा: दुर्बोध सी प्रोग्रामच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत १९९४ साली स्वतःचीच प्रत छापणारा सर्वांत लहान प्रोग्राम म्हणून शून्य बाइटची फाइल आली होती, आणि नियमांच्या गैरवापराबद्दल तिला बक्षीसही मिळाले होते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

मनःपूर्वक आभार. ३४१ चे उदाहरण मी स्वतः चालवून पाहिले आणि माझा नियम किती ढिला होता हे पटले. आता लांबी बाइटमध्ये, मर्यादा १ ते १०,०००, क्रमवारी भाषावार असा बदल केला आहे. वेळेची मर्यादा घालावी का, एवढेच ठरायचे आहे.

उत्तर २

घालावी, पण सैल. अचूक आणि छोट्या उत्तरांपैकी काही क्रमगुणितावर (१ पासून एखाद्या संख्येपर्यंतच्या सर्व संख्यांच्या गुणाकारावर) आधारलेली असतात व मोठ्या संख्यांना ती रेंगाळतात. कडक मर्यादेमुळे नेमकी तीच बाद होतील. प्रत्येक संख्येला एक मिनिट पुरेसे आहे.