मेमरी ‘गळते’ की ‘मुरते’?

जुळेसोलापूरकर:
टॉवेलच्या एका व्यापाऱ्यासाठी आम्ही तिघं मिळून छोटा प्रोग्रॅम चालवतो. टॅलीतून काढलेल्या एक्सएमएल फायली (खुणांमध्ये बांधलेला मजकूर) तो वाचतो आणि हिशेब जुळवतो. वाचायचं काम लिबएक्सएमएल२ करते. ती सी भाषेतली लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच. तिच्यावर आम्ही सी प्लस प्लसचं आवरण चढवलंय, म्हणजे ती सोयीनं वापरता यावी म्हणून वरून आमचा कोड. सकाळी सुरू केला की प्रोग्रॅम सडपातळ, संध्याकाळपर्यंत फुगून टम्म. दोष आमचाच होता, तो सापडला. अडलंय शब्दापाशी. व्यापाऱ्यांना मराठीत लेखी कळवलं की ‘मेमरीची गळती होत होती’ (इंग्रजीत मेमरी लीक). लगेच त्यांचा फोन: “गळत होती तर वाढली कशी ओ? गळका माठ रिकामा होतो की!” मला उत्तर सुचलं नाही. तुम्ही काय लिहिलं असतं?

चाटीगल्ली:
शब्द बरोबर आहे, माठ चुकला. केसगळती, शाळेतली मुलांची गळती, पक्षातली गळती, सगळीकडं ज्याच्या हातातून जातं त्याच्या बाजूनं आपण बोलतो. इथं माठ म्हणजे मशीनची मोकळी मेमरी. ती कमी होतेय. तुमच्या शेठजींनी प्रोग्रॅमलाच माठ धरलं, म्हणून घोळ झाला.

कांडीवालीची नात:
पटत नाही अण्णा. गळालेलं पाणी दिसतं तरी. खाली ओल असते, भिंतीला पोपडे येतात. इथं काहीच दिसत नाही, हीच तर तक्रार आहे. माझी आजी मागासाठी कांड्या, म्हणजे सुताच्या नळ्या, भरायची. रिकाम्या कांड्या मागावरून परत आल्या की पुन्हा भरायच्या. कधी कधी कमी पडायच्या. कारखान्याबाहेर एकही गेलेली नसायची, कुठं मागाखाली, कुठं पोत्यामागं पडून असायच्या. आजी ‘गळाल्या’ म्हणायची नाही, ‘मुरल्या कुठंतरी’ म्हणायची. मराठीत संशय आला की आपण म्हणतोच, पाणी मुरतंय कुठंतरी. मेमरीचंही तेच. ती प्रोग्रॅमच्या आतच असते, नुसती कामाला येत नाही.

विडीघरकुल:
आमच्या घरात तेलुगू, तेव्हा मराठी सांभाळून घ्या. आमच्यात दोन शब्द पक्के वेगळे आहेत. नळातून, छपरातून येतं ते ‘कारणं’. जमिनीनं पिऊन टाकलं ते ‘इंकणं’. नांगरलेल्या रानात पाणी सोडलं आणि दिसेनासं झालं तर आई ‘इंकिपोयिंदि’ म्हणते. ताई म्हणतात ते मुरणं हेच. मराठी ‘कारणं’ म्हणजे भलतंच, म्हणून तो शब्द सुचवत नाही! पण दोष नेमका काय होता ते सांगा ना, त्यावरच शब्द ठरेल.

जुळेसोलापूरकर:
सांगतो. फाईल वाचली की लायब्ररी मेमरीत त्या मजकुराचं आख्खं झाड उभं करते. काम संपल्यावर एक्सएमएलफ्रीडॉक या तिच्या फंक्शनला हाक मारली की झाड मुळासकट मोकळं होतं. ते आम्ही इमानेइतबारे करत होतो. पण लायब्ररीकडून मिळणारा मजकूर दोन जातींचा असतो. नोडचं, म्हणजे झाडाच्या एका फांदीचं, नाव वाचलं तर ते झाडातलंच, म्हणजे उसनं. त्याला हात लावायचा नाही. एक्सएमएलगेटप्रॉपनं अ‍ॅट्रिब्यूटची (नोडला जोडलेल्या माहितीची) किंमत मागितली तर मात्र ताजी नक्कल करून हातात देते. ती आपल्या मालकीची, एक्सएमएलफ्रीनं आपणच सोडायची. आम्ही तिलाही उसनी समजलो. दिसायला दोन्ही सारखीच!

६४ बिटी लिनक्सवर नेहमीच्या ग्लिबसीत (मेमरी वाटून देणारी तिथली सी लायब्ररी) अगदी चिमुकल्या मजकुरालाही ३२ बाइट जातात. लाखभर वेळा मागितला तर ३२ लाख बाइट, म्हणजे साधारण ३ एमबी. एका फायलीत कळत नाही, दिवसभरात कळतं. व्हालग्राइंड या मेमरीच्या चुका शोधणाऱ्या साधनाखाली चालवल्यावर चुकीची ओळ सापडली. त्याखाली प्रोग्रॅम २० ते ३० पट हळू चालतो, त्यामुळं मधे चहा दोनदा झाला.

चाटीगल्ली:
मग मुद्दा पाण्याचा नाहीच, वारसाचा आहे. व्हालग्राइंड हिशेब देतं त्यातला पहिला गट, जिचा पत्ता प्रोग्रॅममध्ये कुणाकडंच उरला नाही अशी मेमरी, ती ‘बेवारस’. आणि जिचा पत्ता फक्त त्या बेवारस तुकड्यातच लिहिलेला होता ती ‘पोरकी’. पालक सोडवला की पोरकी बहुतेक आपोआप मार्गी लागते, म्हणून शोध बेवारसापासून सुरू करायचा.

विडीघरकुल:
आणि शेवटचा गट, प्रोग्रॅम संपताना पत्ता हातात आहे पण सोडलेली नाही, ती? तिला ‘हाताशी’ म्हणा. लायब्ररी स्वतःची काही कोष्टकं शेवटपर्यंत ठेवते, ती यात दिसतात. ती यादी कोरी करायच्या नादात आमच्या एका पोरानं एक्सएमएलक्लीनअपपार्सर, म्हणजे लायब्ररीची शेवटची झाडलोट, आवरणाच्या डिस्ट्रक्टरमध्ये (वस्तू नष्ट होताना चालणाऱ्या कोडमध्ये) घातलं होतं. ती हाक सगळं आटोपल्यावर एकदाच मारायची असते. एक वस्तू मेली आणि बाकीच्यांच्या पायाखालची सतरंजी गेली.

कांडीवालीची नात:
‘आवरण’ फार पुस्तकी वाटतं. चादरीच्या गावात राहून ‘खोळ’ का नाही म्हणत? आत तीच गादी, बाहेरून हाताळायला बरी.

जुळेसोलापूरकर:
ताई, खोळ घेतली! आमची दुसरी चूकही त्यात बसते. मजकूर सोडायचं काम खोळीकडं दिलं, पण तिची नक्कल करायला बंदी घालायची राहिली. मग एकाच उशीला दोन खोळी, आणि दोघींनी आपापल्या वेळी उशी फेकून दिली. दुसऱ्यांदा फेकताना प्रोग्रॅम जागीच कोसळला. आता नक्कल बंद, फक्त हस्तांतर. लगेच धडपडला म्हणून ही चूक तासाभरात सापडली. मुरण्याला मात्र तीन आठवडे लागले.

शेठजींना नव्यानं लिहिलं: ‘वापरून झालेली मेमरी परत केली जात नव्हती, ती प्रोग्रॅममध्येच मुरत होती.’ त्यांचं उत्तर: ‘म्हणजे उधारी. मग तसं लिहायचं की!’

चाटीगल्ली:
शेठजींना माझा नमस्कार सांगा, पण उधारी नव्हे. उधारीत वहीत नाव असतं. इथं माल गेला आणि वहीतलं पानही फाटलं. घरकुलवाल्यांची ‘हाताशी’ असलेली मेमरी मात्र खरी उधारी, तिथं पान शाबूत आहे.

विडीघरकुल:
मग ‘हाताशी’ काढून ‘उधार’ लिहितो आमच्या फळ्यावर. पोरांना तेच लवकर कळेल.