वर्गातले फोटो स्वतःसाठी कुणी वापरतं का?

खडूफळा: नमस्कार मंडळी, आमची जि.प.ची द्विशिक्षकी शाळा, तिसरी-चौथी माझ्याकडे. फोटो रोजच काढतो, उपक्रम झाला की केंद्राच्या ग्रुपवर टाकायचे आणि विसरायचं. परवा मोबाईल चाळताना भागाकाराच्या तासाचे चार फोटो दिसले, सहकारी मॅडमनी दारातून काढलेले. चारही फोटोत मी फळ्याकडे तोंड करून, आणि खिडकीकडची चौथीची पोरं एकमेकांच्या वहीत बघतायत, एकाने तर वही उघडलेलीच नाही. आणि मला वाटत होतं तास मस्त झाला! तेव्हापासून डोक्यात आहे, आपलं शिकवणं तपासायला फोटो वापरता येतील का? कुणी करत असेल तर नीट सांगा.

रानजाई: सर, मी करते. आठवड्यातला एकच तास, मोबाईल मागच्या कपाटावर ठेवून टायमर लावायचा, दर ५ मिनिटांनी एक फोटो. पोरं घरी गेली की बघायचे आणि आधी फक्त काय दिसतंय तेवढंच लिहायचं, चांगलं-वाईट नंतर. एका तासाच्या सगळ्या फोटोत मी मुलग्यांच्याच बाजूला उभी होते. शेवटच्या ओळीतल्या एका मुलीचा दोन फोटोत हात वर, तिसऱ्यात खाली. खूप वाईट वाटलं हो. आता फेरी तिच्यापासूनच सुरू करते.

डोंगरवाट: फोन पोरांकडेही द्या. कॅरोलिन वँग आणि मेरी अ‍ॅन बरिस यांनी १९९० च्या दशकात चीनच्या युनान प्रांतात खेड्यातल्या बायकांच्या हाती कॅमेरे दिले होते, तुमचं जगणं तुम्हीच दाखवा आणि त्यावर बोला म्हणून, फोटोव्हॉइस म्हणतात त्याला. मी पोरांना सांगितलं, तुमच्या जागेवरून फळा कसा दिसतो त्याचा फोटो काढा. दाराकडच्या रांगेतल्या फोटोत फळ्याचा अर्धा भाग नुसता चमकत होता, अक्षर दिसतच नव्हतं! आणि त्या पोरांना मी लक्ष नाही म्हणून ओरडायचो.

मधलीसुट्टी: फक्त पालकांना आधी विचारा आणि हे फोटो ग्रुपवर, स्टेटसला अजिबात नकोत. एकदा वरिष्ठांना दाखवायचे ठरले की पोरं सरळ बसवून फोटो काढले जातात, मग त्यात आपल्याला काय दिसणार?

खडूफळा: पटलं. शनिवारी पालकसभा आहे, तिथेच विचारतो. रानजाईताई, टायमरचं कुठलं अ‍ॅप वापरता? माझ्या फोनमध्ये १० सेकंदांचाच आहे.